रडकीवर अंथरलेला वाख

त्या उन्हाळ्यात आमच्या घराला जो वास सुटला होता, तो वेशीतून आत पाऊल टाकणाऱ्या पाहुण्याला थेट आमच्या दारात आणून सोडायचा. घायपाताची लांब, काटेरी पानं ओढ्याच्या डोहात दगडाखाली कुजत घातलेली असायची. कुजली की ती काढून अंगणात आणायची आणि सपाट दगडावर ठेवून मोगरीनं कुटायची. पानातला हिरवा गर निघून गेला की हातात राहतात त्या पांढऱ्या, केसांसारख्या लांब शिरा. त्यांनाच वाख म्हणतात. आमच्या मुलखात वाखाचे दोर व्हायचे, गुरांची दावी व्हायची, दुधादह्याची शिंकी व्हायची. त्या साली वाखाचा रस्ता झाला. हे आज कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या पिकल्या केसांकडं बघतो आणि मग समजुतीनं मान हलवतो. नातवंडांनीही तेच केलं, म्हणून हे जरा सावकाश लिहिते आहे.

आमचं गाव कृष्णाकाठचं. एका अंगाला सांगली, दुसऱ्या अंगाला तासगाव, आणि मधे सगळी काळी जमीन. ऊस, हळद, शाळू, जे टाकावं ते यायचं. काळी जमीन पिकाची आई, पण चाकाची वैरीण. गावातून खडीच्या सडकेपर्यंत जायला एकच गाडीवाट होती आणि त्या वाटेवर, हाकेच्या अंतराएवढा, एक सखल पट्टा होता. त्याला रडकी म्हणायचे. उन्हाळ्यात तिथं हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या, आणि आषाढ लागला की तीच जमीन फुगून लोण्यासारखी व्हायची. गाडी आखापर्यंत आत जायची, बैल पोटावर बसायचे. दरसाल कुणीतरी रस्ते बघणाऱ्या लोकल बोर्डाकडं अर्ज करायचा, दरसाल तिथं दगड पडायचे, आणि दसऱ्यापर्यंत ते दगड रडकीच्या पोटात गडप व्हायचे. आमचा आजा म्हणायचा, एवढे दगड हिनं गिळले की खाली एक किल्ला झाला असंल. आषाढापासून दसऱ्यापर्यंत वाट बंद. गडीमाणसं धोतर खोचून बांधाबांधानं जायची. बायका जायच्याच नाहीत.

यातूनच आमच्या गावाची एक रीत होऊन बसली होती. बाकीच्या गावांत नागपंचमीला लेकी माहेरी यायच्या. भाऊ मुराळी होऊन जायचा, बहिणीला घेऊन यायचा, लिंबाला झोके बांधायचे, रात्र रात्र फुगड्या चालायच्या. आमच्याकडं पंचमीला लेक येत नसे आणि सुनेला जाता येत नसे. झोके बांधायचे, पण त्यावर आम्हा बिनलग्नाच्या पोरींचाच हक्क. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, पाटणकडं दिलेली होती. लग्न झाल्यापासून एकदाही ती पंचमीला आली नव्हती. आई त्या दिवशी हळदीच्या पानांवर पुरणाची दिंडं उकडायची, आक्काच्या नावाचं एक बाजूला काढायची आणि संध्याकाळी गाईला घालायची. आबा, म्हणजे माझे वडील, त्या वेळी हमखास गोठ्यात जाऊन बसायचे.

लढाई संपल्यावर माझा भाऊ, रामदादा, घरी आला. तो फौजेत सफरमैना पलटणीत होता. पूल बांधायचे, वाटा करायच्या, सुरुंग काढायचे, हे त्या पलटणीचं काम. ब्रह्मदेशच्या जंगलात त्याचा डावा कान गेला होता. गावची माणसं लढाईच्या गोष्टी ऐकायला यायची, चहा पिऊन वाट बघत बसायची, आणि दादा त्यांना उसाच्या बेण्याबद्दल विचारायचा. लढाईबद्दल तो बोललाच नाही. बोलायचा ते फक्त रस्त्यांबद्दल, आणि तेही जेवताना. चुलीपुढं आम्ही बसलेलो, आईनं भाकरी थापायला घेतलेली, ताटात पिठलं आणि खर्डा, आणि दादाचं सुरू व्हायचं.

"आबा, तिकडं नुस्ता चिखल. मांडीएवढा. आमी डांबरात भिजवलेलं गोणपाट अंथरायचो, बांबूच्या तट्ट्या टाकायचो, आन् वरनं फौजेचे ट्रक जायाचे."

"मग?" आबा म्हणाले. ते कमी बोलायचे.

"मग आपल्या रडकीवरनं बैलगाडी का जाऊ ने?"

"दुखनं पोटात हाय. वर गोधडी घालून काय हुतंय?"

दादानं आईच्या पुढ्यातलं पातळ पिठल्याचं पातेलं ओढलं. त्यात मूठभर भाजके शेंगदाणे टाकले. ते डुबुक करून तळाला गेले. मग त्यानं पत्रावळीचं एक पान पिठल्यावर अलगद पसरलं आणि त्यावर तेवढेच शेंगदाणे ठेवले. पान जरासं दबलं आणि तसंच राहिलं.

"दुखनं बरं करायचंच न्हाई आबा. दगडाची आन् चिखलाची गाठ पडू द्यायची न्हाई, एवढंच. दगड खाली जात न्हाई, चिखल वर येत न्हाई. मग दगूड दगडाला धरून ऱ्हातो."

आईनं पातेलं मागं घेतलं. "पिठल्याचं वाटुळं केलंस," ती म्हणाली. पण ती त्या पानाकडं बघत होती.

दादानं आधी गोणपाटच आणलं. सांगलीच्या बाजारातली गुळाची जुनी पोती. ती उसवून, एकमेकांना शिवून त्यानं रडकीच्या एका टोकाला, दोन गाड्या लांब मावतील एवढ्या जागेत अंथरली आणि वर दगड-मुरूम टाकला. गावातले दोन-चार गडी मदतीला होते. बोर्डाच्या ओव्हरसियर साहेबांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की पैसा मिळणार नाही, पण माझी ना नाही, करून बघा. दोन दिवसांत तिथं मुंग्यांची रांग लागली. पोत्यांत गुळाचा अंश राहिलेला. मुंग्यांमागून वाळवी आली. आणि चैत्र सरता सरता एक जोरदार वळीव झाला. दुसऱ्या दिवशी आबांनी आपली शेणखताची गाडी मुद्दाम त्यावरून घातली. मधोमध आल्यावर गाडी एका अंगाला कलली आणि चाक खाली गेलं. पोतं जुनं फडकं फाटावं तसं फाटलं होतं. पारावर हसू उसळलं. रामानं मुंग्यांस्नी गोधडी शिवली, असं कुणीतरी म्हणालं आणि ते दसऱ्यापर्यंत पुरेल असं वाटत होतं. दादा घरी आला, हातपाय धुतले आणि जेवताना रस्त्याचं नाव काढलं नाही. ते मला त्या हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

त्याच दिवशी संध्याकाळी आईनं मला मळ्यात भाकरी घेऊन पाठवलं. दर उन्हाळ्यात जतकडचे धनगर मेंढरं घेऊन नदीकाठी यायचे. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, खतासाठी. आमच्या रानात वर्षानुवर्षं बिरूमामा आणि त्याची बायको लगमाआक्का यांचा कळप बसायचा. ती दोघं आमच्या घरची झाली होती. लगमाआक्काचं बोलणं निम्मं कानडी, आणि मला ती तायव्वा म्हणायची. आदल्या दिवशीच्या वळवानं रान चिखलमय झालं होतं. मेंढरांभोवती लावायची जाळी, तिला वाघर म्हणतात, ती चिखलात पडली होती आणि सगळा कळप तिच्यावरून नाचून गेला होता. लगमाआक्का ती उपसून काढत होती. मी दुसरं टोक धरलं आणि सगळा जोर लावून ओढलं. जाळी चिखलातून सुटून आली. एकही धागा तुटला नव्हता.

"आक्का, ही कवाची?" मी विचारलं.

"माझ्या लगनातली, तायव्वा. सासऱ्यानं विणली व्हती."

"आन् कुजत न्हाई?"

"रोज शेणात, मुतात, पावसात असती. वाख हाय तो. ताग न्हवं."

मी भाकरीची दुरडी तिथंच ठेवली आणि त्या वाघरीचा जुना सुटा तुकडा मागून घेऊन घराकडं पळत सुटले. दादा अंगणात खाटेवर पडला होता. उजव्या कानाशी जाऊन मी त्याला सांगितलं. तो उठून बसला, तुकडा हातात घेतला, पिळला, ओढला, दातात धरला. मग उठून त्यानं त्याचं एक टोक लिंबाच्या बुंध्याला बांधलं आणि दुसऱ्या टोकाला बैल जुंपला. बैलानं मान खाली घालून जोर केला आणि थांबून मागं बघितलं. दादानं माझ्याकडं बघितलं. मी चौदा-पंधरा वर्षांची होते, आणि मोठ्या माणसानं आपल्याकडं बरोबरीच्या माणसासारखं बघायची ती माझी पहिली वेळ.

वाघरीची भोकं मोठी होती, त्यातून चिखल वर आला असता. म्हणून वाखाची दाट चटई विणायची ठरली. किती दाट, यावर दादा आणि बिरूमामा यांचा दोन दिवस वाद चालला. दादा म्हणायचा, ताडपत्रीसारखी घट्ट. शेवटी आई मधे पडली. तिनं चक्का टांगायचं फडकं आणून दोघांपुढं धरलं.

"घट्ट विणशील तर पानी खालीच कोंडंल आन् सगळंच उचलंल. ह्ये बघ. पानी गळून जायाला पायजे, दही आत ऱ्हायाला पायजे. तेवढी झिरझिरीत."

दादानं फडकं उजेडाकडं धरून बघितलं. मग चटईचे तीन वेगवेगळे तुकडे विणून आम्ही त्यावर गढूळ पाणी ओतून पाहिलं. ज्यातून पाणी नितळ खाली गेलं आणि गाळ वर राहिला, तो तुकडा नमुना म्हणून खुंटीला टांगला.

आबांचा विरोध मात्र वेगळा होता. वाख कुटायचं, दोर वळायचं काम गावात मांगवाड्याचं. आपल्या घरच्या बाया अंगणात बसून वाख कुटणार, हे त्यांना पटेना. ते आईला म्हणाले, "लोक काय म्हनतील?" आईनं मान वर न करता उत्तर दिलं. "पंचमीला माजी लेक येनार असंल तर लोकांनी काय बी म्हनावं." आबा गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात घायपाताच्या पानांनी भरलेली गाडी उभी होती. बांधावरचं सगळं घायपात त्यांनी पहाटे उठून स्वतः तोडलं होतं.

आईचं ते वाक्य गावात कसं पसरलं कोण जाणे, पण दोन दिवसांत आमचं अंगण बायकांनी भरलं. जिची लेक दूर दिलेली ती, आणि जिला स्वतःला माहेरी जायचं होतं ती. पीळ कसा द्यायचा ते आमच्यातल्या कुणालाच येत नव्हतं, म्हणून मांगवाड्यातल्या बायका आल्या. आधी त्या उंबऱ्याबाहेर बसल्या, आम्ही आत. पण दोर वळायचा तर एक टोक एकीच्या हातात आणि दुसरं दुसरीच्या हातात लागतं. मधे उंबरा ठेवून दोर वळता येत नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या एकाच सावलीत बसल्या होत्या. चहा मात्र महिनाभर वेगवेगळ्या कपांतून गेला. एकदा घाईत कप मिसळले आणि मग ते पुन्हा निवडत बसायला कुणाला वेळ नव्हता. एवढ्यानं गाव बदललं असं मी म्हणणार नाही. पण त्या अंगणातली ती सावली मला आजही दिसते.

घायपाताच्या रसानं हात पेटतात. कोपरापर्यंत पुरळ उठायचं, खाजवून खाजवून झोप लागायची नाही. आई रात्री सगळ्यांच्या हाताला करडीचं तेल कोमट करून लावायची. दुपारी लगमाआक्का हुलग्याचं माडगं शिजवायची, त्यात गूळ आणि सुंठ, आणि पितळीभर पिऊन बायका पुन्हा बसायच्या. खळ्यात दादानं बाभळीच्या मेखा ठोकून, घोंगडी विणतात तशी, उभ्या दोऱ्यांची ओळ ताणली होती. आडव्या दोऱ्या आम्ही हातानं घालायचो आणि लाकडी फणीनं ठोकून बसवायचो. माझी बोटं लहान आणि चपळ, त्यामुळं कडा बांधायचं काम माझ्याकडं आलं. कुटता कुटता बायका दादाची थट्टा करणाऱ्या ओव्या रचायच्या. "रडकीच्या अंथरुणा, वाख धाडिला सोनसळी, सफरमैना भाऊराया, त्याला चिखलाची मोळी" असलं काहीबाही. दादा उजवा कान फिरवून घ्यायचा.

एकदा कडा बांधताना मी दादाला विचारलं, "दादा, ही वाट टिकली तर मोटार येईल का गावात?" तेव्हा सांगली-तासगाव सडकेवरून सर्व्हिस मोटारी जायच्या. मागं कोळशाचं पिंप बसवलेल्या, धूर ओकणाऱ्या. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा तासगावला. चौथी होऊन मी घरी बसले होते. आबांना शिकणं नको होतं असं नाही. पण चार महिने वाट बंद, आठ महिन्यांची शाळा काय कामाची, असं ते म्हणायचे आणि त्यावर बोलणं संपायचं. घरात माझ्या लग्नाचा विषयही निघू लागला होता.

दादानं हातातली फणी थांबवली. "मोटार आणायचीच हाय," तो म्हणाला. "तू कडा घट्ट बांध."

ज्येष्ठाच्या तोंडावर, मेंढरं जतकडं परत जायच्या आत, आम्ही चटया रडकीवर नेल्या. ओव्हरसियर साहेब सायकलवरून आले. त्यांनी नमुन्याचा तुकडा उलटासुलटा करून बघितला आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. दोन्ही कडांना खोल चर काढा, नाहीतर झिरपलेलं पाणी जाणार कुठं, हे त्यांनीच सांगितलं. मधे थोडं उंच आणि कडेला उतार, हेही त्यांचंच. दोरी लावून त्यांनी स्वतः उतार मापला. बोर्डाचा दगडी रूळ त्यांनी आमच्या गावाला धाडून दिला. गडी लोकांनी जमीन सपाट केली, चर काढले. मग बायकांनी चटया उलगडल्या. एकीवर दुसरी हातभर चढवून, सांधे वाखाच्याच दोरीनं शिवून, कडेला मेखा मारत आम्ही पुढं सरकत गेलो. उन्हात तो सगळा पट्टा सोनेरी दिसत होता. जणू रडकीला कुणी अंथरूण घातलं होतं. त्यावर नदीची वाळू, वाळूवर मुरूम, मुरमावर खडी, पुन्हा मुरूम, आणि मग बैलांच्या चार जोड्या लावून तो रूळ फिरू लागला. शेवटची पाटी टाकून झाली त्या संध्याकाळी पश्चिमेकडं वीज चमकत होती.

आता ज्यांना या गोष्टी कळतात ते मला विचारतात की वाख शेवटी कुजतोच, मग? कुजला असणार. पुढं बऱ्याच वर्षांनी डांबरी सडक करताना तिथं खणलं तेव्हा वाखाची नुसती पिवळट रेघ दिसली म्हणतात. पण तोवर वरच्या दगडांनी एकमेकांना धरलं होतं आणि खालची जमीन दबून, निथळून बसली होती. वाखानं आपलं काम तेवढ्या पावसाळ्यांत उरकलं होतं.

त्या साली पाऊस नेहमीसारखाच आला. रोज सकाळी आम्ही रडकीवर जाऊन बघायचो. चर भरून वाहत होते. बैलगाड्या जात होत्या, आधी रिकाम्या, मग भरलेल्या. चाकोरी पडायची, पण बोटभर. पारावरची मंडळी म्हणाली, गाडी ठीक हाय, मोटार येऊ दे मग बोला. दादा मिरजेला गेला आणि शिदू मोटारवाल्याला भेटला. शिदू गाडीचा मालकही आणि ड्रायव्हरही. मागं एकदा लग्नाचं वऱ्हाड आणताना त्याच्या मोटारीचा आख रडकीत मोडला होता, तेव्हापासून तो आमच्या गावाचं नाव घेत नसे. शिवाय पंचमीला साऱ्या मोटारी शिराळ्याच्या नागांच्या जत्रेला जायच्या, तो दिवस कोण सोडणार? दादानं त्याला काय सांगितलं ते कळलं नाही. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "पंचमीला सकाळी एक फेरी देतो म्हणालाय. मिरजंच्या स्टेशनावर सगळ्या लेकी गोळा करायच्या. रुतला तर पुन्हा कवा येनार न्हाई."

आबा म्हणाले, "पंचमीला? आरं, त्या दिवशी भुईला कुदळ लावत न्हाईत. रुतली तर काढनार कशानं?"

पण तोवर गावोगावी निरोप गेले होते.

पंचमीच्या सकाळी पाऊस लागून राहिला होता. दादा मुराळी म्हणून आदल्या दिवशीच मिरजेला गेला होता. मी हट्टानं सडकेच्या टोकाला जाऊन उभी राहिले. रडकीच्या गावाकडच्या टोकाला घोंगडी आणि पोत्याच्या खोळा पांघरलेल्या सगळ्या बायका होत्या. आबा बैलजोडी घेऊन बाजूला उभे. कुदळ चालत नसली तरी ओढायला हरकत नाही, असा त्यांनी मार्ग काढला होता. मग धुराचा वास आला आणि मागून मोटार आली. आत इतक्या बायका, पोरं, गाठोडी, की काचेतून नुसते रंग दिसत होते. रडकीच्या तोंडाशी येऊन शिदूनं गाडी थांबवली. तो आणि दादा खाली उतरले आणि शिदूनं पुढचा पट्टा बघितला. पाणी दोन्ही अंगांनी खळाळत होतं.

"रामभाऊ, बायकास्नी उतरवा," तो म्हणाला. "रिकामी काढतो. त्या येतील चालत."

दादा होकार देणार होता. एवढ्यात खिडकीतून आक्काचा आवाज आला. मांडीवर तान्हं पोर, डोक्यावरचा पदर भिजलेला.

"मी उतरनार न्हाई."

"ताई, गाडी रुतली तर आज कुदळ लावता यायाची न्हाई," शिदू म्हणाला.

"ठावं हाय. माझ्या आईनं अंथरलंय ते. रुतली तर हितंच बसून पंचमी करीन."

आतून एकीनं, मग दुसरीनं हुंकार दिला. एकही बाई जागची हलली नाही. दादाचा बहिरा कान खिडकीकडं होता. त्यानं मला विचारलं, "काय म्हनली ती?" मी सांगितलं. दादा हसला. लढाईवरून आल्यापासून तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. त्यानं शिदूच्या खांद्यावर थाप मारली, पुढं जाऊन मोटारीकडं तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. फौजेत ट्रकना वाट दाखवतात तसा तो उलट्या पावलांनी मागं सरकू लागला, आणि मोटार त्याच्या मागोमाग रडकीवर चढली.

मी पुढच्या चाकाशेजारून चालत होते. डोळे चाकावरून हलत नव्हते. चाक पुढं जाई तसं खडीतून पाणी पिळून निघे आणि उतारानं चराकडं जाई. ते पाणी गढूळ नव्हतं. म्हणजे चिखल वर येत नव्हता. मधोमध, जिथं सगळ्यात सखल होतं, तिथं कोळशाच्या गॅसवरचं ते इंजिन दमलं. मोटार हळू हळू होत जवळजवळ थांबलीच. सगळा भार एका जागी. मागचं चाक दबल्यासारखं झालं. दादा जागीच उभा राहून दोन्ही हातांनी ये ये करत होता. मला पायाखाली काहीतरी ताणल्यासारखं वाटलं, खाटेवर कुणी बसलं की सुंभ ताणतो तसं. मग इंजिननं एक उसासा टाकला आणि मोटार पुढं सरकली. चाक वर आलं. पलीकडचं टोक जवळ आलं आणि मोटार पक्क्या जमिनीवर गेली.

मग मोटारीचं दार उघडलं आणि पावसात दोन्हीकडून बायका धावल्या. कोण कुणाच्या गळ्यात पडतंय काही कळेना. आई धावली नाही. ती होती तिथंच उभी राहिली आणि आक्का पोराला घेऊन तिच्यापर्यंत चालत गेली. आईनं पोर घेतलं, पदराखाली धरलं आणि एवढंच म्हणाली, "चल, दिंडं गार हुतील." आबांनी बैलांचे कासरे सोडले नव्हते. त्यांनी बैल तसेच माघारी वळवले आणि घराकडं निघाले. पारावरून कुणीतरी त्यांना काहीतरी विचारलं. आबा चालता चालता म्हणाले, "आमच्या बायांनी केलाय रस्ता. इचारायचं ते त्येंस्नी इचारा." शिदू तेवढ्यात मोटार फिरवून शिराळ्याकडं सुटला होता. परत जाताना त्यानं रडकीवर वेग कमीसुद्धा केला नाही, उलट भोंगा वाजवत गेला.

त्या दिवशी गावातल्या झोक्यांना दोर कमी पडले. उरलेल्या वाखाचे नवे दोर वळून लिंबावर, वडावर, चिंचेवर झोके चढले. म्हाताऱ्या बायकाही बसल्या. आक्का एवढी उंच गेली की खालून तिच्याबरोबर आलेलं सासरचं एक पोर रडायला लागलं. रात्री फुगड्या घालून घालून अंगणाचा चिखल झाला. आई चुलीपासून उठलीच नाही. ती वाढत होती, आणि आक्का नको नको म्हणत खात होती.

तिसऱ्या दिवशी लेकी परत निघाल्या. मोटार आली, गाठोडी चढली, डोळे पुसून झाले. शिदू खाली उभा राहून विडी ओढत होता. आबा त्याच्याजवळ गेले.

"शिदू, उद्यापासनं रोज येशील का रं?"

"येतो की आबा. रस्ता लय ब्येस हाय. पन रोजचं मानूस पायजे एखादं. रिकामी गाडी कुणासाठी आनू?"

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. मोटारीच्या चाकाकडं बघत ते म्हणाले, "हिला धर. शेवंतीला. रोजची. तासगावला शाळंम्होरं उतरवायची, आन् सांजंला परत."

आई माझ्याआधी सावरली. "उद्या? मग हिचा परकर आजच धुवाया पायजे," असं म्हणून ती लगबगीनं आत गेली. तो परकर तिनं चुलीवर धरून वाळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुसळधार पाऊस होता. मोटार आली.